गळतीचा हिशेब ठेवणारा खत कारखानदार

लंडनच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर हार्पेंडन नावाचे गाव आहे. १८७० साली या गावाला लागून असलेल्या एका शेतात मजुरांचे विचित्र काम चालले होते. साधारण सहा फूट बाय सव्वासात फुटांचा, म्हणजे एकराचा बरोबर हजारावा हिस्सा भरेल एवढा जमिनीचा तुकडा आखून घेतला होता. त्याच्या बाजूला चर खणून मजूर तुकड्याच्या खालची माती आडवी कोरून काढत, आणि हातभर जागा मोकळी झाली की लगेच तिथे भोके पाडलेली लोखंडी पट्टी सरकवत. वरची माती जागची हलता कामा नये, तिचा थर मोडता कामा नये, अशी अट होती. तळ पुरा झाल्यावर चारही अंगांनी विटा आणि सिमेंटची भिंत आली. असे तीन ठोकळे तयार झाले. एक २० इंच खोलीचा, दुसरा ४० आणि तिसरा ६० इंचांचा. खाली जस्ताचे नरसाळे आणि त्याखाली मापाचे भांडे. वर ना पीक, ना खत. उगवलेले तणही उपटून टाकायचे. पावसाचे किती पाणी मातीतून खाली उतरते आणि जाताना ते सोबत काय घेऊन जाते, हे पाहायचे, एवढाच या खटाटोपाचा हेतू.

या कामाचे पैसे देणारे गृहस्थ खताचे कारखानदार होते. शेतात टाकलेले खत वाया किती जाते हे खत विकणाऱ्यानेच शोधायला निघावे, ही गोष्ट आजही जरा नवलाचीच वाटेल. त्यांचे नाव जॉन बेनेट लॉझ.

लॉझ यांचा जन्म २८ डिसेंबर १८१४ चा, हार्पेंडनजवळच्या रोथॅमस्टेड या वडिलोपार्जित वाड्यातला. आठ वर्षांचे असताना वडील गेले. ईटनची शाळा आणि ऑक्सफर्डचे कॉलेज अशी जमीनदाराच्या मुलाला शोभेल अशी शिक्षणाची वाट मिळाली, पण पदवी काही घेतली नाही. विशीत असतानाच जमिनीचा कारभार अंगावर पडला. रसायनशास्त्राचा नाद मात्र लहानपणापासूनचा. वाड्यातली एक चांगली झोपायची खोली त्यांनी भट्ट्या, बकपात्रे आणि बाटल्यांनी भरून टाकली. सुरुवातीला अफू, खुरासनी ओवा असल्या औषधी वनस्पती लावून त्यांतली द्रव्ये काढण्याचे प्रयोग चालत. शेतीकडे लक्ष वळले ते एका शेजाऱ्याच्या प्रश्नामुळे.

त्या काळी इंग्लंडात टर्निपच्या पिकाला हाडांचा चुरा घालत. जनावरांच्या चाऱ्यासाठी हे सलगमासारखे कंद महत्त्वाचे होते. शेजारचे जमीनदार लॉर्ड डेकर यांच्या ध्यानात आले होते, की एका शेतात हाडांच्या खताने पीक जोमदार येते आणि दुसऱ्या शेतात तेच खत घालून काहीच फरक पडत नाही. असे का? लॉझ यांनी कुंड्यांत प्रयोग सुरू केले. हाडांतले स्फुरद सगळ्याच मातीत विरघळत नाही. ते गंधकाम्लात मुरवले तर पिकाला सहज मिळते, हे त्यांच्या हाती आले. मे १८४२ मध्ये त्यांनी या सुपर फॉस्फेटचे पेटंट घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅरोलाइन फाउंटन यांच्याशी लग्न झाले. सांगतात, की मधुचंद्रासाठी युरोपात जायचा बेत रद्द करून नवरदेवाने नवरीला टेम्स नदीतून होडीने फिरवले, आणि ती सहल कारखान्यासाठी जागा पाहण्यात गेली. १८४३ मध्ये डेटफर्डच्या खाडीवर कारखाना सुरू झालाही. कृत्रिम खतांचा जगातला धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो इथून. पेटंटवरून पुढे कोर्टकज्जे झाले, आयर्लंडच्या जेम्स मरे यांचे पेटंट विकत घ्यावे लागले, तरी पैसा वाहता राहिला.

हा पैसा गेला कुठे? बराचसा पुन्हा शेतातच गेला. १ जून १८४३ रोजी लॉझ यांनी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या पंचविशीतल्या रसायनशास्त्रज्ञाला नोकरीवर ठेवले. बंदुकीच्या अपघातात गिल्बर्ट यांचा एक डोळा गेलेला होता. जर्मनीत गिसेनला युस्टुस फॉन लीबिग यांच्या हाताखाली ते शिकले होते. मालकाची कल्पना आणि नोकराची चिकाटी अशी ही जोडी; लॉझ मोकळ्या स्वभावाचे, पुढचे प्रश्न सुचणारे, तर गिल्बर्ट आकडा न आकडा तपासणारे, थोडे हट्टी. ही जोडी ५७ वर्षे टिकली. त्याच शरद ऋतूत ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गहू पेरला गेला. एका पट्ट्याला शेणखत, एकाला काहीच नाही, बाकीच्या पट्ट्यांना वेगवेगळी रासायनिक खते. तेव्हापासून त्या शेतात गहू पेरणे आजवर थांबलेले नाही.

लीबिग हे त्या काळचे रसायनशास्त्राचे सम्राटच. त्यांचे मत असे, की पिकाला नत्र हवेतून आणि पावसातून पुरेसे मिळते; शेतकऱ्याने फक्त राखेतली खनिजे द्यावीत. ब्रॉडबाल्कचा गहू वेगळे सांगत होता. नुसती खनिजे घातलेला पट्टा बिनखताच्या पट्ट्याच्या जेमतेम वर होता, आणि अमोनियाचे क्षार घातले की पीक उसळी मारून वर येत होते. रोथॅमस्टेडला पावसाचे पाणी जमवण्यासाठीही एकराच्या हजाराव्या हिस्स्याएवढे मोठे पात्र १८५३ पासून बसवलेले होते. त्याच्या पृथक्करणातून निघाले, की पावसातून वर्षाला एकरी चार-पाच पौंडच नत्र उतरते. वाद वर्षानुवर्षे चालला आणि कडवटही झाला.

या वादातला एक भाग मोठा गमतीचा आहे. लीबिग यांनी १८४५ मध्ये स्वतःच्या नावाने एक खत बाजारात आणवले होते. पावसाने पालाश आणि स्फुरद वाहून जाईल अशी त्यांना भीती, म्हणून ते भट्टीत वितळवून जवळपास अविद्राव्य केले. खत फसले, कारण पिकालाही ते मिळेना. पाच वर्षांनी, १८५० मध्ये, थॉमस वे या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले, की माती अमोनिया आणि पालाश मुळातच धरून ठेवते. म्हणजे जे वाहून जात नव्हते त्याच्या काळजीत लीबिग होते, आणि जे खरोखर वाहून जाते त्या नत्राची पर्वा त्यांनी केली नव्हती. पण वे यांच्या शोधाने एक नवी गैरसमजूतही पसरली. माती अमोनिया धरते, तर मग अमोनियाचे खत कधीही टाका, ते मातीच्या तिजोरीत सुरक्षित राहील, असे सगळ्यांना वाटू लागले. रोथॅमस्टेडलाही अमोनियाचे क्षार पेरणीच्या वेळी, शरद ऋतूतच पडत.

ही समजूत खोटी ठरवणारी साधने शेतात आधीच पुरलेली होती. ब्रॉडबाल्कची माती जड, खाली चुनखडीचा खडू. पाणी साचू नये म्हणून १८४९ मध्ये प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध दोन-अडीच फूट खोल भाजक्या मातीचे निचरा नळ घातले होते. तेव्हा त्यामागे शास्त्र नव्हते, शेत कोरडे ठेवायचे होते. १८६६ मध्ये या नळांची तोंडे उघडी केली गेली, आणि प्रत्येक पट्ट्याचे पाणी वेगळे धरता येऊ लागले. हिवाळ्यात जोराचा पाऊस झाला की बाटल्या घेऊन माणसे नळांच्या तोंडाशी जात. हे पाणी तपासायला गेले ऑगस्टस व्होल्कर यांच्याकडे, आणि एडवर्ड फ्रँकलंड यांच्याकडेही.

पाण्यात स्फुरद नव्हतेच म्हणावे इतके थोडे. अमोनिया नावापुरता. नायट्रेट मात्र भरपूर, आणि ज्या पट्ट्याला अमोनियाचे खत जितके जास्त, त्याच्या नळातून नायट्रेटही तितके जास्त. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. अमोनियाचा आयन धनभारित, तो कणांना चिकटतो. नायट्रेटचा आयन ऋणभारित, त्याला माती धरत नाही. तो पाण्यात विरघळून पाण्याबरोबर जिथे जाईल तिथे जातो. ऑक्टोबरात टाकलेला अमोनिया नोव्हेंबर-डिसेंबरात नायट्रेट होऊन नळातून बाहेर पडत होता, आणि त्या वेळी गव्हाची रोपे बोटभरसुद्धा नव्हती. घातलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमी नत्रच गव्हात सापडत असे. बाकीचे कुठे जाते, याचे निदान अर्धे उत्तर तरी त्या बाटल्यांत होते.

फ्रँकलंड यांना या पाण्यात रस होता तो वेगळ्या कारणाने. ते नद्यांच्या प्रदूषणाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगावर होते. कॉलरा आणि टायफॉइडचे ते दिवस. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट सापडले, की तिथे पूर्वी कधीतरी मैलापाणी मिसळले असले पाहिजे, असे ते धरत आणि त्यावरून पूर्वीच्या घाणीचा आकडाही काढत. रोथॅमस्टेडच्या नळांनी या हिशेबाला अडचण केली. माणसाच्या वस्तीचा संबंध नसलेल्या शेतातूनही नायट्रेट येते, आणि तेही खडूच्या थरातून खाली उतरून विहिरींना मिळते. पुढे हार्पेंडन परिसरातल्या विहिरींचेही पाणी तपासले गेले. पिण्याच्या पाण्यातले नायट्रेट शेतातूनही येऊ शकते, हा आज शाळेत शिकवला जाणारा मुद्दा तेव्हा नवा होता.

नळांत एक खोट होती. ते सगळेच पाणी धरत नाहीत; काही बाजूने निसटते, काही खोल जाते. त्यामुळे नमुन्यात नायट्रेट किती ते कळे, पण वर्षाला एकरी एकूण किती गेले ते सांगता येत नसे. यासाठीच १८७० चे ते तीन ठोकळे. मोजपात्रात माती भरून झिरपा मोजायचे प्रयोग आधीही झाले होते. मँचेस्टरच्या जॉन डाल्टन यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी तसा एक केला होता. पण खणून भरलेली माती ती माती राहत नाही. तिच्यातल्या गांडुळांच्या वाटा, जुन्या मुळांच्या पोकळ्या, बारीक भेगा मोडून जातात आणि पाणी वेगळ्याच तऱ्हेने उतरते. म्हणून ठोकळा जागच्या जागी ठेवून त्याखाली शिरायचा तो सारा उपद्व्याप.

आकडे हळूहळू जमले. पिकाविना उघड्या पडलेल्या त्या मातीतून पावसाचे सुमारे निम्मे पाणी खाली जात होते, आणि त्यातले बहुतेक ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात. तिकडे पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो. उन्हाळ्यात तो वाफ होऊन उडतो, हिवाळ्यात मात्र जमिनीत उतरतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात जे होते ते तिथे मार्गशीर्ष-पौषात. १८७७ पासून या पाण्यातले नायट्रेट नियमाने मोजले जाऊ लागले. सुरुवातीच्या वर्षांत एकरी साधारण ४० पौंड नत्र दरसाल खाली जात होते. या ठोकळ्यांना तर खताचा कणही मिळालेला नव्हता! ब्रॉडबाल्कवर बिनखताचा गहू वर्षभरात जेवढे नत्र उचलत असे, त्याच्याहून हे किती तरी अधिक. दोष एकट्या खताच्या पोत्याला देता येईना. उघडी माती, तिच्यातला जुना सेंद्रिय साठा, उन्हाळ्याची ऊब आणि नंतरचा पाऊस, एवढे जुळले की गळती ठरलेली.

अमोनियाचे नायट्रेट करते कोण, हा प्रश्न उरला होता. १८७७ मध्ये फ्रान्सच्या श्लोझिंग आणि म्यून्त्झ यांनी दाखवले, की हे काम सजीवांचे आहे. वाळूतून झिरपणाऱ्या मैलापाण्यावर क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की ते थांबते. आदल्याच वर्षी रोथॅमस्टेडला रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ आले होते. त्यांनी मातीवर तोच प्रयोग करून पाहिला, आणि पुढे हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जीवांकडून होते हेही शोधले. ते जीव वेगळे करून वाढवणे मात्र त्यांना साधले नाही. ते जिलेटिनवर वाढवू पाहत होते, आणि या जंतूंना असले सेंद्रिय अन्न मानवत नाही. तो मान १८९० मध्ये सेर्गेई विनोग्राड्स्की यांना मिळाला. गिल्बर्ट आणि वॉरिंग्टन यांचे अजिबात पटत नसे, आणि अखेर वॉरिंग्टन यांना रोथॅमस्टेड सोडावे लागले. लॉझ यांच्या चांगुलपणालाही ते भांडण मिटवता आले नाही.

लॉझ, गिल्बर्ट आणि वॉरिंग्टन यांनी पाऊस आणि झिरप्याच्या पाण्यावरचा मोठा अहवाल १८८१-८२ मध्ये छापला. तोवर त्याची गरज शेतकऱ्यांना चांगलीच कळली होती. १८७९ हे इंग्लंडच्या शेतीचे काळे वर्ष. पावसाने कहर केला आणि गहू बुडाला. दरवर्षी गव्हाच्या पिकाचा अंदाज वर्तमानपत्रात लिहून कळवण्याचा लॉझ यांचा शिरस्ता होता, तेव्हा त्यांच्या शब्दाला बाजारात वजन होते. ओला हिवाळा गेला की पुढचे पीक पडते, याचे एक मोठे कारण नायट्रेट धुपून जाणे हे आहे, असे त्यांनी आकडे मांडून दाखवले. शेतातला उपायही त्याच सुमारास अमलात आला. ब्रॉडबाल्कच्या बहुतेक पट्ट्यांचे अमोनियाचे खत शरदातून काढून वसंतात देणे सुरू झाले. एक पट्टा तुलनेसाठी तसाच ठेवला. खताचे प्रमाण तेच, फक्त वेळ बदलली आणि नळातले नायट्रेट उतरले.

आता गवताकडे. १८५६ मध्ये लॉझ यांनी वाड्यासमोरच्या जुन्या कुरणात, पार्क ग्रास येथे, सात एकरांवर प्रयोग मांडला होता. नत्राचे खत दिले की गवत दाट आणि उंच होई, पण बरसीमच्या कुळातले क्लोव्हर आणि इतर रानफुले नाहीशी होत. बिनखताच्या पट्ट्यात पन्नासच्या आसपास जाती, तर अमोनियाने लादलेल्या पट्ट्यात दोन-तीन धटिंगण गवतांचेच राज्य. शिवाय गहू कापल्यावर जमीन उघडी पडते, तशी कुरणाची कधीच पडत नाही. वर्षभर जिवंत मुळांची जाळी पसरलेली असल्याने नायट्रेट तयार होताच उचलले जाते. कुरणाच्या मातीत मोकळे नायट्रेट फारच थोडे सापडे. उलट नांगरटीचे शेत गवताखाली आणले, की मातीत नत्र वर्षानुवर्षे साचत जाते, हेही त्यांनी एका शेताच्या नोंदींवरून दाखवले. जुने कुरण नांगरले की तो साठा मोकळा होतो. दुसऱ्या महायुद्धात अन्नासाठी इंग्लंडातली लाखो एकर कुरणे नांगरली गेली, आणि त्यातून सुटलेले नायट्रेट पुढे कित्येक वर्षे खडूच्या थरांतून खाली उतरत राहिले.

कुरण असे घट्ट धरून ठेवते, तर मग गवतावरच्या दूधधंद्यातून पाणी का बिघडते? उत्तराचा धागा लॉझ यांच्याच दुसऱ्या कामात आहे. १८४० च्या दशकाअखेरीपासून त्यांनी बैल, मेंढ्या आणि डुकरे यांना तोलून-मापून खाऊ घातले आणि काही जनावरे संपूर्ण कापून त्यांच्या शरीराचे पृथक्करण केले. खाल्लेल्या नत्राचा थोडाच भाग मांसात राहतो, बाकीचे शेणामुतातून बाहेर पडते, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. यावरून त्यांनी पेंडींचे आणि चाऱ्यांचे खतमूल्य सांगणारे तक्ते केले. कूळ शेत सोडून जाताना त्याने जनावरांना घातलेल्या पेंडीची किती भरपाई द्यायची, हे इंग्लंडात या तक्त्यांवरून ठरवत. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी आणि गिल्बर्ट यांनी दुभत्या गाईंसाठी वेगळा हिशेबही मांडला. आजचे मोजमाप सांगते, की गाईने खाल्लेल्या नत्राचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा दुधात उतरतो.

लॉझ यांच्या तक्त्यात नव्हती ती गोष्ट विसाव्या शतकात लक्षात आली. गोठ्यातले शेणखत शेतभर पसरते. चरणारी गाय मात्र हातभर जागेत मुतते. त्या एका डागावर हेक्टरी ६०० ते १००० किलोच्या दराने नत्र पडते. तेवढे कोणत्याही गवताला उचलता येत नाही. उरलेले नायट्रेट होते आणि शरदाच्या पावसाने खाली जाते. १९८४ मध्ये इंग्लंडातल्या हर्ली येथील गवत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की भरपूर खत दिलेले कुरण कापून नेण्याऐवजी चरवले तर नायट्रेटची गळती पाचपटीहून अधिक होते. म्हणजे लॉझ यांचे गवत बरोबर होते. त्यावर उभी राहिलेली गाय हिशेबात धरायची राहिली होती.

पाण्यातल्या नायट्रेटचा आरोग्याशी थेट धागा १९४५ मध्ये जोडला गेला. अमेरिकेत आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यात दूध कालवून पाजलेली निळसर पडलेली तान्ही बाळे तपासली. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्याच्या कामातून बाद करते. काही महिन्यांच्या बाळांना याचा धोका सर्वाधिक. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट आहे, भारतीय मानकात ती ४५.

गवतावर दूध काढणाऱ्या देशांतले आजचे नियम वाचले, तर त्यात रोथॅमस्टेडच्या जुन्या आकड्यांची छाप दिसते. युरोपीय संघाने १९९१ मध्ये नायट्रेटविषयक निर्देश काढला. जनावरांच्या खतातून हेक्टरी १७० किलो नत्राची मर्यादा त्यात आहे. आयर्लंडच्या दूध उत्पादकांनी सवलत मागून ती २५० पर्यंत नेली आणि अलीकडे काही भागांत ती २२० वर खाली आणावी लागली. हिवाळ्यात शेणाची स्लरी शेतात पसरायला तिथे बंदी असते. न्यूझीलंडने २०२१ पासून कुरणावर रासायनिक नत्राला हेक्टरी १९० किलोची मर्यादा घातली. गवतात क्लोव्हर मिसळायचे, शरदात गाई ओल्या कुरणातून काढायच्या, आणि आपल्या इसबगोलाच्या वंशातली प्लँटेन नावाची पाने कुरणात पेरायची, कारण ती खाल्ल्याने गाईच्या मुतातले नत्र पातळ होते. ही वनस्पती पार्क ग्रासच्या बिनखताच्या पट्ट्यांतही आहे.

लॉझ यांच्या कामाची एक वाट भारतातही आली. ब्रॉडबाल्कचे पाणी तपासणाऱ्या व्होल्कर यांचे चिरंजीव जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना सरकारने १८८९ मध्ये इथली शेती पाहायला पाठवले. इथल्या शेतकऱ्याला शिकवण्यासारखे फार थोडे आहे, पण शेण चुलीत जाते आणि गुरांचे मूत वाया जाते, या दोन गोष्टी त्यांना खटकल्या. त्यांच्या हाताखाली काम केलेले हॅरॉल्ड मान पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

लॉझ यांनी १८७२ मध्ये खताचा धंदा तीन लाख पौंडांना विकला. त्यातले एक लाख पौंड त्यांनी एका विश्वस्त निधीला दिले, जेणेकरून आपल्या मागे प्रयोग बंद पडू नयेत. गावात मजुरांना भाजीपाला पिकवायला जमिनीचे तुकडे दिले आणि त्यांच्यासाठी एक क्लबघर बांधले. चार्ल्स डिकन्स यांनी ते पाहून त्यावर लेखही लिहिला. १८८२ मध्ये सरदारकी मिळाली. सन्मानसमारंभांत मात्र ते फारसे रमत नसत. स्कॉटलंडमध्ये मासेमारी आणि हरणांची शिकार हा त्यांचा विरंगुळा. ३१ ऑगस्ट १९०० रोजी ते वारले. दीड वर्षाच्या आत गिल्बर्टही गेले.

ते तीन ठोकळे मात्र तिथेच आहेत आणि त्यांखालचे पाणी अजून मोजले जाते. नायट्रेटची नियमित तपासणी १९१५ मध्ये थांबली. त्या जवळजवळ चाळीस वर्षांच्या नोंदी १९८० च्या दशकात पुन्हा काढून तपासल्या गेल्या. खताचा कणही न घातलेल्या त्या उघड्या मातीतली गळती वर्षागणिक कमी होत गेली होती, पण फार सावकाश. ती निम्मी व्हायला सुमारे ४० वर्षे लागतात, असा हिशेब निघाला.